हरित निष्कर्षणाचा पूर्ण हिशेब मागा

प्रति,
सूक्ष्मशैवाल आणि नैसर्गिक रंगद्रव्ये या विषयांवरील संशोधन-नियतकालिकांचे संपादक आणि परीक्षक यांस

सविनय नमस्कार.

सूक्ष्मशैवालांतून रंगद्रव्ये काढण्यावरचे, म्हणजे निष्कर्षणावरचे, जे निबंध तुमच्या टेबलावर येतात, त्यांतल्या कितीतरी निबंधांच्या शीर्षकात हल्ली ‘हरित द्रावक’, म्हणजे माणसाला आणि निसर्गाला कमी घातक असा विरघळवणारा द्रव, असतोच. हेक्झेन, क्लोरोफॉर्म, मिथेनॉल बाजूला सारून इथेनॉल, इथाइल लॅक्टेट, लिमोनीन, अतिक्रांतिक (ठरावीक तापमान आणि दाबापलीकडचा) कार्बन डायऑक्साइड, डीप युटेक्टिक द्रावक (मिसळल्यावर कमी तापमानाला द्रवरूप होणारी मिश्रणे) असे पर्याय तपासले जात आहेत. ही धडपड मला मनापासून हवीशी वाटते. मी स्वतः याच कामात आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. पद्धत हरित आहे की नाही हे केवळ द्रावकाच्या नावावरून ठरवणे कृपया थांबवा. निष्कर्षणाआधी किती पाणी उडवले, द्रावक किती घातला आणि किती परत मिळाला, रंगद्रव्य कोणत्या अवस्थेत हाती आले आणि उरलेल्या चोथ्याचे पुढे काय झाले, एवढे तरी निबंधात असायलाच हवे. ते नसेल तर निबंध दुरुस्तीसाठी परत पाठवा.

जुने द्रावक का सोडायचे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हेक्झेन शरीरात गेला की त्यापासून 2,5-हेक्झेनडायोन तयार होते आणि ते हातापायांच्या नसांना इजा करते. हेक्झेनच्या वाफेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या हातापायांना बधिरता आणि अशक्तपणा आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. औषधांमध्ये उरणाऱ्या द्रावकांसाठी जी आंतरराष्ट्रीय मर्यादा पाळली जाते, तिच्यात क्लोरोफॉर्मला दहा लाख भागांत 60 भाग, हेक्झेनला 290, मिथेनॉलला 3000 आणि इथेनॉलला 5000 भाग एवढी मुभा आहे. हे आकडे शेजारी ठेवले की इथेनॉलकडे वळण्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याच्या नाकापासून खाणाऱ्याच्या पोटापर्यंत सगळ्यांचा संबंध येतो.

शिवाय आता हा विषय प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2013 साली स्पिरुलिना या सूक्ष्मशैवालाच्या निळ्या अर्काला गोळ्या-चॉकलेटे आणि च्युइंगमसाठी परवानगी दिली, आणि मे 2025 मध्ये गॅल्डिएरिया या एकपेशीय लाल शैवालातून मिळणाऱ्या निळ्या रंगालाही. कृत्रिम रंगांची जागा हे रंग घेतील तेव्हा मिलीग्रॅमचे काम टनांवर जाईल. काचेच्या लहानशा नळीत जे खपून जाते ते टनांत खपत नाही. म्हणून हिशेबाची सवय आत्ताच लागायला हवी.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण सर्वांत कमी लिहिले जाते ते त्याच्याबद्दल. उघड्या तलावातल्या वाढीत एका लिटरमागे साधारण अर्धा ते एक ग्रॅम कोरडे शैवाल असते. म्हणजे एक किलो शैवालासाठी किमान हजार लिटर पाणी हाताळायचे. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर जो लगदा मिळतो त्यात 20 टक्के घनभाग असला, तरी एक किलो शैवालाबरोबर चार किलो पाणी राहतेच. ते उडवायला किलोमागे 2.26 मेगाज्यूल, म्हणजे एकूण नऊ मेगाज्यूल उष्णता लागते, आणि तीही वाळवण यंत्राची गळती न धरता. आता हिमॅटोकॉकस या सूक्ष्मशैवालातले ॲस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य घ्या. कोरड्या वजनाच्या 3 टक्के ॲस्टाझँथिन आहे आणि ते सगळेच्या सगळे बाहेर आले असे उदारपणे धरले, तरी एक किलो रंगद्रव्यासाठी 33 किलो शैवाल लागते आणि त्यातले पाणी उडवायला किमान 300 मेगाज्यूल खर्च होतात. ल्युटीन हे पिवळे रंगद्रव्य अर्धा टक्का असेल तर हाच आकडा 1800 मेगाज्यूलच्या घरात जातो. निबंधात मात्र कृतीची पहिली ओळ असते, ‘गोठवून वाळवलेली भुकटी वापरली’. गोठवून वाळवणे हा तर पाणी काढण्याचा सर्वांत खर्चिक मार्ग आहे. त्या एका ओळीमागचा सगळा खर्च वाचणाऱ्याच्या नजरेआड राहतो आणि पुढे द्रावकाचे गुणगान सुरू होते.

त्यानंतर द्रावकाचे प्रमाण. एक ग्रॅम भुकटीला 50 मिलीलिटर द्रावक ही प्रयोगशाळेत अगदी सर्रास दिसणारी मात्रा आहे. वरच्याच उदाहरणात एक किलो ॲस्टाझँथिनसाठी ती 1650 लिटरांवर जाते. द्रावक ऊर्ध्वपातनाने परत मिळवताना दर फेरीत 1 टक्का गेला तर 16 लिटर हवेत किंवा सांडपाण्यात, 10 टक्के गेला तर 165 लिटर. एक लिटर हेक्झेन उडवायला सुमारे 0.22 मेगाज्यूल लागतात, तर एक लिटर इथेनॉलला 0.67, म्हणजे तिप्पट. तेव्हा 1650 लिटर इथेनॉल एकदा उडवायला 1100 मेगाज्यूल जातात. वाळवणीला गेलेल्या 300 मेगाज्यूलपेक्षा हे कितीतरी जास्त आहे. उष्णता पुन्हा वापरण्याची सोय असेल तर खर्च उतरतो, पण ती सोय कोणी मांडून दाखवत नाही. याचा अर्थ हेक्झेनकडे परत जावे असा मुळीच नाही. याचा अर्थ असा की इथेनॉल निवडल्यावर 50 ऐवजी 10 मिलीलिटरांत काम भागवण्याची पद्धत शोधणे हेच खरे संशोधन आहे. त्याने उष्णतेचा खर्च एकदम पाचवा हिस्सा होतो. असे काम करून पाठवले तर उत्तर येते, ‘द्रावक नवा नाही’. मला तसे उत्तर आलेले आहे, आणि माझ्या ओळखीच्या अनेकांनाही.

ओल्या लगद्यावरच इथेनॉल घालावे, म्हणजे वाळवण वाचेल, असे सुचवणे सोपे आहे, आणि मीही त्याच बाजूची आहे. पण तिथेही आकडे मांडावेच लागतात. 20 टक्क्यांच्या लगद्यात एक किलो शैवालामागे 10 लिटर इथेनॉल घातले तर लगद्यातल्या चार किलो पाण्यामुळे ते वजनाने 66 टक्क्यांवर येते. एवढ्या पाणचट इथेनॉलमध्ये कॅरोटिनॉइडे (ॲस्टाझँथिन, ल्युटीन यांसारखी पिवळी-लाल रंगद्रव्ये) फारशी विरघळत नाहीत, मग दुसरी-तिसरी फेरी करावी लागते. परत मिळवताना साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉल वजनाने 95.6 टक्क्यांच्या पलीकडे जात नाही, कारण तिथे पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. त्यापुढे आणखी कोरडे करायचे तर आण्विक चाळणी किंवा पडदा लागतो. ज्या निबंधात ओल्या लगद्यावर केलेले काम असेल, त्यात शेवटच्या फेरीतल्या इथेनॉलची तीव्रता आणि त्याच द्रावकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वापरातले उत्पन्न दिलेले आहे का, हे परीक्षकांनी पाहावे. ताज्या, बाटलीतून आत्ताच ओतलेल्या द्रावकाचे उत्पन्न कारखान्याला काहीच सांगत नाही.

नव्या द्रावकांबद्दलही तितक्याच काटेकोरपणे विचारायला हवे. 2-मिथाइलटेट्राहायड्रोफ्युरान शेतीतल्या टाकाऊ भागांपासून मिळणाऱ्या फुरफुरालपासून बनवता येतो, आणि युरोपीय संघाने 2023 साली अन्नासाठीच्या निष्कर्षण द्रावकांच्या यादीत त्याला स्थानही दिले आहे. तो चांगला पर्याय आहे. पण हवेच्या संपर्कात त्यात पेरॉक्साइडे तयार होतात, म्हणून बाटलीत सहसा बीएचटी हे स्थिरक घातलेले असते. द्रावक उडून गेला की ते बीएचटी अर्कातच मागे राहते आणि अर्क आटवत जावा तसे त्याचे प्रमाण वाढत जाते. शिवाय पेरॉक्साइडे कॅरोटिनॉइडांच्या दुहेरी बंधांवरच घाव घालतात. लिमोनीन फळांच्या सालीतून येते हे खरे, पण ते 176 अंश सेल्सियसला उकळते. उष्णतेने बिघडणाऱ्या रंगद्रव्याजवळून ते काढायचे कसे, हे न सांगता निबंध पुरा होऊ नये. ते सांडून पाण्यात गेले तर जलचरांसाठी घातक आहे, हेही लपवू नये.

डीप युटेक्टिक द्रावकांचे आकर्षण मला समजते. कोलीन क्लोराइड 302 अंशांना आणि युरिया 133 अंशांना वितळतो, पण एकास दोन प्रमाणात मिसळले की मिश्रण 12 अंशांना द्रवरूप होते. ॲबट आणि सहकाऱ्यांनी 2003 साली हे दाखवले तेव्हापासून असंख्य जोड्या बनल्या. पण हे मिश्रण पाण्याच्या शेकडो पट दाट (चिकट) असते आणि ते उडत नाही. उडत नाही हा त्याचा गुण म्हणून मिरवला जातो, तोच रंगद्रव्य वेगळे करताना अडसर होतो. मग शेवटी रंगद्रव्य बाहेर ओढायला हेक्झेन किंवा इथाइल ॲसिटेट वापरतात आणि ते कृतीच्या एका कोपऱ्यात लिहिलेले असते. दाटपणा कमी करायला पाणी घालतात. पाणी निम्म्यावर गेले की त्या जोडीतले हायड्रोजन बंध सुटत जातात आणि हाती राहते ते साधे जलीय द्रावण. अशा वेळी तीच घटकद्रव्ये तेवढ्याच पाण्यात नुसती विरघळवून घेतलेली तुलना निबंधात नसेल, तर ‘युटेक्टिक’चा परिणाम सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. अर्क द्रावकासह थेट प्रसाधनात वापरता येईल असे वाक्य दिसले, तर एक गोष्ट जरूर आठवावी: युरोपीय संघाच्या प्रसाधन नियमांत कोलीनचे क्षार निषिद्ध पदार्थांच्या यादीत आहेत.

कार्बन डायऑक्साइड 31.1 अंश आणि 73.8 बारच्या वर गेला की द्रवासारखा विरघळवतो आणि दाब उतरवला की मागे काही न ठेवता निघून जातो. ॲस्टाझँथिनसाठी उद्योगात तो वापरातही आहे. मात्र त्याला शैवाल वाळलेले आणि फोडलेले लागते, दाब बहुधा तीनशे बारच्या पुढचा लागतो, आणि ध्रुवीय रंगद्रव्यांसाठी थोडे इथेनॉल सोबत द्यावे लागते. पंपाला लागलेली वीज लिहा, एवढेच मागावे.

फोडण्याचा मुद्दा मला सर्वांत जवळचा वाटतो, म्हणून जरा थांबते. हिमॅटोकॉकसची पिकलेली पुटी, म्हणजे जाड कवचातली सुप्त पेशी, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. गडद लाल, घट्ट गोल. काचपट्टीच्या कडेने ॲसिटोनचा थेंब सोडला तरी बराच वेळ ती तशीच लाल राहते, कारण तिच्या जाड कवचात आम्ल-अल्कलीलाही दाद न देणारे बहुवारिक (पॉलिमर) असते. तीच पुटी बीड मिलमधून (बारीक मण्यांनी पेशी फोडणाऱ्या गिरणीतून) काढून आणली की कवच चिरलेले दिसते आणि थेंब टेकताच नारिंगी धूर पसरावा तसा रंग बाहेर येतो. आता ड्युनालिएला ही खाऱ्या पाण्यातली शैवाल-जात बघा. तिला कडक पेशीभित्तिकाच नाही. खारे पाणी बदलून गोडे पाणी दिले की पेशी फुगते आणि फुटते. या दोन शैवालांवर एकच द्रावक चालवून ‘उत्पन्न 30 टक्क्यांनी वाढले’ असे लिहिले, तर श्रेय द्रावकाचे की कवच फोडण्याचे? द्रावकांची तुलना करणाऱ्या प्रत्येक निबंधात पेशी फोडण्याची पायरी सगळ्या द्रावकांसाठी सारखी ठेवली आहे का, आणि फोडल्यावर न फुटलेल्या पेशी किती उरल्या हे मोजले आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. मला तर वाटते, इथेनॉल कमी पडतो असे म्हणणाऱ्या कित्येक निबंधांत कमी पडलेली असते ती बीड मिल.

मोजणीबद्दल तर कडक व्हायलाच हवे. क्लोरोफिल मोजण्याची जी सूत्रे सगळे वापरतात, ती विशिष्ट द्रावकासाठी बसवलेली आहेत: अर्नन यांची 1949 ची सूत्रे 80 टक्के ॲसिटोनसाठी, जेफ्री आणि हम्फ्री यांची 1975 ची 90 टक्के ॲसिटोनसाठी. द्रावक बदलला की शोषणाचे शिखर काही नॅनोमीटर सरकते आणि त्याची उंचीही बदलते. इथेनॉलमधल्या किंवा लॅक्टेटमधल्या वाचनाला ॲसिटोनचे सूत्र लावले की आलेला आकडा कोणत्याच गोष्टीचा नसतो. 450 नॅनोमीटरच्या आसपास कॅरोटिनॉइडांबरोबर क्लोरोफिल बीही प्रकाश शोषते. त्यामुळे शुद्ध न केलेल्या हिरव्या अर्काचे वाचन ‘एकूण कॅरोटिनॉइडे’ म्हणून छापले तर जो द्रावक क्लोरोफिल जास्त ओढतो तोच विजयी ठरतो.

त्याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे रंगद्रव्याची अवस्था. आम्लात क्लोरोफिलमधले मॅग्नेशियम निघून जाते आणि तपकिरी झाक असलेले फिओफायटिन उरते. लॅक्टिक किंवा सायट्रिक आम्लाच्या युटेक्टिक द्रावकात हेच घडते, आणि नळी ऑलिव्ह रंगाची झालेली डोळ्यांनाही दिसते. ओल्या लगद्यावर पाणीमिश्रित ॲसिटोन किंवा इथेनॉल घातले की पेशीतलेच क्लोरोफिलेज विकर क्लोरोफिलची शेपटी तोडते. तयार होणाऱ्या क्लोरोफिलाइडचा वर्णपट मूळ क्लोरोफिलसारखाच असतो, म्हणून वर्णपटमापकाला ते कळतच नाही, एचपीएलसीवरच (घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावरच) कळते. ॲस्टाझँथिन हिमॅटोकॉकसमध्ये मुख्यतः मेदाम्लांशी जोडलेल्या एस्टरांच्या रूपात असते. मोजणीसाठी अल्कलीने ते सोडवताना त्याचे काही प्रमाणात ॲस्टासीन हे वेगळेच रंगद्रव्य होते. काय सोडवले, कशाने सोडवले आणि किती बिघडले हे न देता दिलेले मिलीग्रॅम मी तरी मान्य करणार नाही. तुम्हीही करू नये.

निळ्या रंगात गोष्ट उलटीच आहे. फायकोसायनिन हे स्पिरुलिनातले निळे रंगद्रव्य प्रथिनाशी जोडलेले असते आणि पाण्यातच येते. स्पिरुलिनाचा लगदा गोठवायचा, वितळवायचा, पुन्हा गोठवायचा, मग सौम्य बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवायचा, की निळे द्रावण सुटते. बाजूने प्रकाश टाकला तर त्यातून लाल चमक येते. पाण्याहून हरित द्रावक कोणता? पण नंतर शुद्धीकरणासाठी अमोनियम सल्फेट घालतात. 50 टक्के संपृक्ततेसाठी लिटरमागे सुमारे 300 ग्रॅम क्षार लागतो, आणि त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा नायट्रोजन असतो. ते पाणी नदी-तळ्यांत गेले तर तिथे नको असलेली शैवाले माजतील. खाद्य प्रतीसाठी 620 आणि 280 नॅनोमीटरच्या शोषणांचे गुणोत्तर 0.7 पुरेसे मानले जाते. तेवढ्यासाठी क्षाराची पायरी लागतेच का, अतिसूक्ष्म गाळणीने भागेल का, हे विचारणारे परीक्षक हवे आहेत. प्रयोगशाळेतल्या चाचणीसाठी लागणारी 4 या गुणोत्तराची शुद्धता खाण्याच्या रंगासाठी गाठून दाखवण्यात मेहनत आणि क्षार दोन्ही वाया जातात.

चोथ्याचा प्रश्न इथेच येतो. स्पिरुलिनातून आधी पाण्याने निळा रंग काढला आणि मग उरलेल्यातून इथेनॉलने कॅरोटिनॉइडे आणि क्लोरोफिल, तर शेवटच्या चोथ्यातले प्रथिन खाद्य म्हणून वापरता येण्याची शक्यता राहते. पॉर्फिरिडियम या शैवालातल्या फायकोएरिथ्रिन या लाल रंगद्रव्याबाबतही हाच क्रम चालतो. क्रम उलटा केला की इथेनॉल प्रथिन बिघडवते आणि निळा रंग हातचा जातो. क्लोरोफॉर्मने सुरुवात केली तर चोथा घातक कचराच होतो. एका रंगद्रव्याच्या उत्पन्नात दोन टक्के कमी-जास्त झाल्याने निबंध नाकारणाऱ्यांनी या क्रमाकडे पाहिले, तर द्रावकाच्या निवडीचा खरा फरक तिथे दिसेल.

आता मागणी स्पष्ट सांगते. निबंधासोबत एक पानाचा तक्ता सक्तीचा करा: शैवालाचा ओलावा आणि वाळवण्याची रीत, एक किलो रंगद्रव्यामागे घातलेला, परत मिळालेला आणि गमावलेला द्रावक, पंप, गिरणी, अल्ट्रासाउंड यांनी खाल्लेली वीज, एचपीएलसीने ठरवलेली रंगद्रव्याची ओळख आणि चोथ्यात उरलेला द्रावक. शेल्डन यांनी 1992 साली मांडलेला ई-घटक, म्हणजे एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा, हा आकडा या तक्त्यातून कोणालाही काढता येईल. उत्पन्नाची तुलना ‘पारंपरिक पद्धतीच्या 95 टक्के’ अशी नको. चोथा रंगहीन होईपर्यंत काढलेल्या एकूण रंगद्रव्याशी ती केलेली असावी.

आणि जुन्या, साध्या द्रावकावर केलेले नीट काम छापायला जागा द्या. इथेनॉलच्या पुनर्वापराच्या दहा फेऱ्यांचे आकडे देणारा निबंध मला एखाद्या नव्या युटेक्टिक जोडीच्या निबंधाहून अधिक उपयोगाचा वाटतो. ज्या द्रावकाने काम केले नाही त्याचे आकडेही छापा. ते छापले गेले तर पुढच्या प्रयोगशाळेतला विद्यार्थी तोच द्रावक पुन्हा ओतत बसणार नाही.

हा तक्ता भरताना प्रयोगशाळांना काय अडचण येईल हे मला ठाऊक आहे: साधा वीजमापक आणि ओलावा मोजणारा तराजू सगळीकडे असतो, एचपीएलसी नसतो. ज्यांच्याकडे नाही त्यांनी निदान शिखरांची ओळख दुसऱ्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी आणि तसे लिहावे. परीक्षणाला येणाऱ्या निबंधांसाठी हा तक्ता भरण्याचे आणि तपासण्याचे काम करायला मी तयार आहे. माझे स्वतःचे पुढचे निबंध या तक्त्यासह आणि कच्च्या वाचनांसह पाठवीन. तुमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये हा बदल चर्चेला घ्यावा, ही विनंती.

कळावे,
आपली नम्र,
सूक्ष्मशैवालांच्या रंगद्रव्यांवर काम करणारी एक अभ्यासक